फ्रीमन शाळा : एका खोलीचं पंचाण्णव वर्षांचं सार्वजनिक आयुष्य

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात बिअ‍ॅट्रिस नावाचं गाव आहे. तिथून पश्चिमेला चारेक मैलांवर लाल विटांची एक खोली उभी आहे. भिंती फूटभर जाडीच्या, खिडक्यांवर चुनखडीच्या दगडाचे कोरीव लिंटल, म्हणजे वरचे आडवे दगड. ही फ्रीमन शाळा. १८७२ साली ती बांधली आणि १९६७ पर्यंत तिथे वर्ग भरत होता. इतकी वर्षं अखंड चाललेली दुसरी एकखोली शाळा नेब्रास्कात नाही.

अशा शाळा अमेरिकेत एकेकाळी पोत्यानं होत्या. १९२९-३० साली देशात जवळपास १ लाख ४९ हजार सरकारी एकशिक्षकी शाळा मोजल्या गेल्या. १९७०-७१ मध्ये उरल्या १,८१५. चाळीस वर्षांत एवढ्या शाळा गेल्या, आणि त्यातल्या फार थोड्यांच्या इमारती आज जागेवर आहेत. मग ही का टिकली, आणि टिकली ती कोणाची म्हणून, हे दोन प्रश्न मला या प्रकरणाकडे घेऊन आले. उत्तर शोधताना लक्षात आलं की ही खोली निव्वळ शाळा कधीच नव्हती. त्या माळरानावर सगळ्यांच्या मालकीची म्हणावी अशी हीच एक जागा होती. तिचं सगळं भलंबुरं त्यातूनच आलं.

जमीन

सुरुवात जमिनीपासूनच करावी लागते, कारण इथे शाळेचा नकाशा जमिनीच्या मोजणीनं आखला होता.

हा मुलूख ओटो-मिसूरिया लोकांचा. १८५४ च्या करारानं त्यांची बहुतेक जमीन अमेरिकी सरकारनं घेतली आणि बिग ब्लू नदीकाठची एक राखीव पट्टी त्यांच्याकडे ठेवली. हळूहळू तीही विकली गेली आणि १८८१ मध्ये त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवण्यात आलं. म्हणजे फ्रीमन शाळेत मुलं पाढे घोकत होती तेव्हा त्याच गेज काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा भाग) दक्षिण टोकाला या मातीची मूळ माणसं अजून राहत होती, आणि शाळा नऊ वर्षांची झाली तेव्हा ती हाकलली गेली. ‘पहिले रहिवासी’ हे शब्द या भागाच्या इतिहासात वारंवार येतात. ते वाचताना हे विसरून चालणार नाही.

मोजणीची पद्धत १७८५ च्या भूमी अध्यादेशानं ठरवली होती. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौरस म्हणजे एक टाउनशिप. त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग एक चौरस मैलाचा, ६४० एकरांचा. यातला सोळावा भाग शाळेसाठी राखायचा. नेब्रास्काला तर सोळावा आणि छत्तिसावा असे दोन भाग मिळाले. शाळा त्या राखीव भागातच बांधली पाहिजे असं मात्र नव्हतं. त्या जमिनीच्या विक्रीतून आणि खंडातून येणारा पैसा शाळांना जायचा. गावं वसण्याआधीच शाळेचं उत्पन्न कागदावर बांधून ठेवणारी ही व्यवस्था मला त्या काळासाठी फार दूरदृष्टीची वाटते.

पुढे १८६२ चा होमस्टेड कायदा आला. अर्ज भरा, पाच वर्षं राहा, जमीन कसा, घर बांधा, आणि १६० एकर तुमचे. असा पहिला दावा १ जानेवारी १८६३ रोजी डॅनियल फ्रीमन यांच्या नावावर नोंदला गेला. मध्यरात्र उलटताच कार्यालय उघडायला लावून त्यांनी अर्ज दिला अशी कथा सांगतात. त्यांची इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची जमीन कब क्रीक या ओढ्याकाठी होती, आणि शाळा तिच्या शेजारीच उभी राहिली.

आता गणित पाहा. ६४० एकरांच्या चौरस मैलात १६० एकरांची चार कुटुंबं. घराघरात अंतर चांगलंच. मुलं चालत येणार, म्हणजे शाळा दोन-तीन मैलांच्या आत हवी. म्हणून शाळा एकमेकींपासून जवळ हव्यात, आणि प्रत्येकीला मोजकीच घरं वाट्याला येणार. एका शिक्षिकेची, एका खोलीची शाळा हे कुणाच्या शिक्षणविषयक विचारातून आलेलं रूप नव्हतं. १६० एकर आणि लहान मुलाची चाल या दोन मापांचा तो गुणाकार होता. जवळपास शंभर वर्षांनी शाळा बंद पडली तीही याच गणितानं.

वीट

शाळा आज एका राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. शाळेजवळ, त्याच उद्यानात, १८६७ साली बांधलेलं एक लाकडी घर पाहायला मिळतं. गेज काउंटीतल्याच एका शेतावरून १९५० मध्ये ते इथे आणून ठेवलं. लांबी-रुंदी चौदा बाय सोळा फूट. त्या घरात नवरा-बायको आणि दहा मुलं राहिली.

हे घर आणि ही शाळा एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय या वसाहतीच्या मनातलं कळत नाही. स्वतः ओंडक्यांच्या नाहीतर गवताळ मातीच्या ढेकळांच्या घरात राहणाऱ्या माणसांनी शाळेला मात्र पक्क्या विटा लावल्या. वीट दुरून आणायची ऐपत नव्हती. ती शेजारच्या थॉमस फ्रीमन यांच्या भट्टीतली. हे डॅनियल यांचे कुणी नातलग नव्हेत. म्हणूनच शाळेचं नाव कोणत्या फ्रीमनवरून पडलं, पहिल्या दाव्याच्या मानकऱ्यावरून की विटा भाजणाऱ्या शेजाऱ्यावरून, याबद्दल दोन मतं आहेत. माझं मन विटा भाजणाऱ्याकडे झुकतं, पण तो मनाचा कौल झाला.

विटेचा एक परिणाम बांधणाऱ्यांच्या डोक्यात नसावा. मैदानी प्रदेशातल्या बहुतेक शाळा लाकडी होत्या. शाळा बंद झाली की तिचा लिलाव व्हायचा, घेणारा शेतकरी ती ओंडक्यांवर चढवून ओढत आपल्या वाड्यात न्यायचा आणि तिचं धान्याचं कोठार नाहीतर गोठा व्हायचा. फूटभर जाड विटेची भिंत अशी ओढून नेता येत नाही. फ्रीमन शाळा टिकण्याचं पहिलं कारण इतकं साधं आहे.

शाळा सुटल्यावर

नेब्रास्कात अशा शाळेचा कारभार तिघांचं मंडळ पाहायचं आणि वर्षातून एकदा परिसरातल्या लोकांची सभा भरायची. कर किती बसवायचा, शाळा किती महिने चालवायची, सरपण कोणी पुरवायचं, शिक्षिकेला काय द्यायचं, हे सगळं त्या सभेत ठरायचं. हिवाळ्यात शेताची कामं थांबली की मोठी पोरंही वर्गात येऊन बसायची. एकाच खोलीत अक्षरं गिरवणारं पोर आणि मिसरूड फुटलेला मुलगा. धडा आपापल्या गटानं पुढे येऊन म्हणायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचा. ऐकता ऐकता लहानगी पुढच्या इयत्तेचं शिकून जायची.

एक गोष्ट मला विशेष वाटते. पाठ्यपुस्तकं फुकट देण्याचा राज्याचा कायदा १८९१ मधला. फ्रीमन शाळेच्या मंडळानं १८८१ पासूनच पुस्तकं शाळेच्या पैशातून घेतली होती. पीक बुडालं तर कराचा पैसा कुठून आणायचा याची विवंचना असलेल्या लोकांनी सक्ती नसताना घेतलेला हा निर्णय आहे.

वर्ग सुटले की खोली रिकामी राहायची नाही. ब्लेकली टाउनशिपचं मतदान इथेच व्हायचं. लुथरन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ही जागा चर्च म्हणून वापरली. वादविवाद मंडळं, मेळावे, करमणुकीचे कार्यक्रम इथेच. आपल्याकडची चावडी, देऊळ आणि शाळा एकाच छपराखाली आली तर कशी दिसेल, तशी. आवारात घोडे बांधलेले, बायामाणसं डबे घेऊन आलेली, पोरं अंधार पडेपर्यंत खेळतायत, असं चित्र त्या भागातल्या कुठल्याही शाळेच्या आठवणींत सापडतं. मैला-मैलावर विखुरलेल्या घरांना शेजार मिळायचा तो या आवारात.

खटला

एकच जागा सगळ्यांची असली की ती नेमकी कशासाठी, हा वाद कधीतरी उठतोच. इथे तो १८९९ मध्ये उठला.

शिक्षिका होत्या एडिथ बीचर. सकाळी शाळा भरली की त्या बायबलमधले आपण निवडलेले उतारे वाचायच्या, भजनं म्हणायच्या, प्रार्थना करायच्या. सगळा प्रकार प्रोटेस्टंट इव्हँजेलिकल चर्चमधल्या रिवाजाला धरून. डॅनियल फ्रीमन तेव्हा सत्तरी ओलांडलेले. त्यांनी हे थांबवा म्हणून सांगितलं. बीचरबाईंनी उत्तर दिलं की मंडळाची परवानगी आहे. फ्रीमन मंडळाकडे गेले, तर मंडळ शिक्षिकेच्या पाठीशी. मग ते कोर्टात गेले. काउंटीतल्या न्यायालयात हरले, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात पोचले. मंडळातल्या एका सदस्याच्या नावावरून हा खटला ‘फ्रीमन विरुद्ध शेवे’ म्हणून ओळखला जातो.

बीचरबाईंना खलनायिका करणं मला पटत नाही. सकाळची प्रार्थना तेव्हाच्या खेड्यातल्या शाळांत सर्रास होती. बहुतेक पालकांची तिला हरकत नव्हती आणि मंडळाची संमती होती. त्यांच्या दृष्टीनं त्या आपलं काम नीट करत होत्या. फ्रीमन यांचं म्हणणंही तितकंच सरळ होतं : या खोलीची वीट आणि सरपण सगळ्यांच्या करातून येतं, सगळ्यांची मुलं इथे बसतात, तेव्हा एका गटाची उपासना इथे शाळेच्या वेळेत होता कामा नये. बहुसंख्य शेजाऱ्यांविरुद्ध, त्यांच्यातच राहून, तीन वर्षं हा मुद्दा लावून धरायला काय लागलं असेल याची कल्पना करून पाहावी. न्यायालयाबाहेर रोज तोंडं तीच, बांध तेच.

कायद्याचा आधार राज्याच्या १८७५ च्या घटनेत होता. एक कलम म्हणतं, कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध उपासनास्थळी हजर राहायला, ते उभारायला किंवा पोसायला भाग पाडता येणार नाही. दुसरं म्हणतं, सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळेत पंथीय शिक्षण देता येणार नाही. १९०२ मध्ये न्यायालयानं फ्रीमन यांच्या बाजूनं निकाल दिला. शाळेच्या वेळेत चाललेला हा प्रकार उपासनाच आहे आणि तो पंथीय आहे, असं ठरलं.

यावर बराच गवगवा झाला. न्यायालयानं शाळेतून बायबलच हद्दपार केलं असा अर्थ काढला गेला. फेरविचाराची मागणी आली तेव्हा १९०३ मध्ये मुख्य न्यायाधीश सलिव्हन यांनी भूमिका उलगडून सांगितली. बायबल शाळेत असणं किंवा वाचणं हे आपोआप बेकायदा ठरत नाही. वाचावं की नाही हा शहाणपणाचा प्रश्न, तो शाळेच्या चालकांनी सोडवावा. त्या वाचनानं पंथाचं रूप घेतलं आहे का, हे मात्र न्यायालय पाहणार.

मला या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती ही रेघ. पुस्तक वाईट नाही, माणसं वाईट नाहीत. त्या खोलीत, त्या वेळी, ज्यांना उठून जाता येत नाही अशा मुलांपुढे ते कोणत्या रूपात येतं, एवढाच प्रश्न. आणि याच खोलीत इतर वेळी लुथरन मंडळी जमत होती, हेही लक्षात घ्या. तिथे कोणी मुलांना डांबून ठेवलं नव्हतं. नेब्रास्काच्याच न्यायालयानं १९१४ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात सांगितलं की शाळेच्या इमारतीत वर्षातून मोजक्या वेळा धार्मिक सभा झाल्या म्हणून ती उपासनास्थळ ठरत नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले की सार्वजनिक जागेचा अर्थ लागतो : जागा वाटून घेता येते, वर्गाची वेळ नाही.

फ्रीमन खटला या प्रकारचा पहिला होता असं कुठेकुठे लिहिलेलं सापडतं. ते बरोबर नाही. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयानं १८९० मध्येच सरकारी शाळांतल्या बायबलवाचनाविरुद्ध निकाल दिला होता. पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळेतल्या सरकारी प्रार्थनेवर आणि बायबलवाचनावर निर्णय दिले ते १९६२ आणि १९६३ साली. ब्लेकली टाउनशिपमधल्या एका खोलीत तो वाद साठ वर्षं आधी होऊन गेला होता. फ्रीमन १९०८ मध्ये गेले. त्यांची आणि पत्नी अ‍ॅग्नेस यांची थडगी त्यांच्याच जमिनीवर आहेत.

वर्ग बंद

विसाव्या शतकात गणित उलटलं. ट्रॅक्टर आले, एका माणसाला पूर्वीपेक्षा किती तरी जास्त जमीन कसता येऊ लागली, आणि १६० एकरांत भागेना. चार शेतं मिळून एक झालं की चौरस मैलातली चार कुटुंबंही एक झाली. रस्ते सुधारले, शाळेच्या बस धावू लागल्या, तेव्हा मुलाच्या चालीचं मापही गेलं. शाळा जवळ असण्याची गरज आणि शाळेत बसवायला पुरेशी मुलं, दोन्ही एकदमच संपली. वर राज्याराज्यांतली सरकारं शाळाजिल्हे, म्हणजे स्वतःचं मंडळ आणि कर असलेली शाळांची क्षेत्रं, एकत्र करत होती. १९३९-४० मध्ये देशभरात १ लाख १७ हजार शाळाजिल्हे होते, १९७०-७१ मध्ये १८ हजारांच्या आत आले. फ्रीमन शाळेचा शेवटचा वर्ग १९६७ मध्ये भरला.

एकत्रीकरणाला विरोध करणाऱ्यांना अडाणी म्हणून सोडून द्यायची पद्धत आहे. ती चूक आहे. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असते, प्रत्येक विषयाला शिक्षक असतो, हे खरंच. पण शाळा गेली की मतदान दुसरीकडे जातं, सभा बंद पडते, मेळावे थांबतात, आणि हळूहळू त्या परिसराला नावसुद्धा उरत नाही. नेब्रास्कात हा झगडा फार लांबला. २००५ मध्ये विधिमंडळानं राज्यपालांचा नकाराधिकार ओलांडून फक्त प्राथमिक शाळा चालवणारे ग्रामीण शाळाजिल्हे विसर्जित करण्याचा कायदा केला. लोकांनी सार्वमत मागितलं, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये मतदारांनी तो कायदा फेटाळला. पण जिल्हे त्याच वर्षी जूनमध्येच विसर्जित झाले होते.

उरलं ते

फ्रीमन शाळेचं नशीब जागेत होतं. सिनेटर जॉर्ज नॉरिस यांच्या पुढाकारानं १९३६ मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकी संसदेनं, कायदा करून डॅनियल फ्रीमन यांच्या जमिनीवर राष्ट्रीय स्मारक घोषित केलं होतं. शाळा बंद झाली तेव्हा हे स्मारक शेजारी होतं, खटल्यामुळे शाळेला स्वतःचं नाव होतं, आणि भिंती हलवण्याजोग्या नव्हत्या. १९७० मध्ये आणखी एक कायदा होऊन शाळा स्मारकात सामील झाली. २०२१ पासून या जागेला होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणतात.

आज खोलीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला वर्ग मांडलेला आहे. शाळकरी मुलांच्या सहली येतात, बाकांवर बसतात, जुन्या पद्धतीनं धडे म्हणतात. मला एकच खंत वाटते. शाळा १९६७ पर्यंत चालली होती. रेडिओ ऐकत वाढलेली, महामंदीच्या आणि दोन महायुद्धांच्या काळातली, सायकलीवर आलेली मुलंही या खोलीत शिकली. त्यांचा वर्ग या मांडणीत दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं की ही शाळा फार फार जुनी गोष्ट आहे, आणि तिथे शिकलेल्या शेवटच्या मुलांना आज साठी-सत्तरी लागली आहे हे लक्षातच येत नाही. त्यांच्या आठवणी, वह्या, वर्गाचे फोटो भिंतीवर आले तर इमारतीचं एक बोटभरही नुकसान व्हायचं नाही.

आवाराच्या बाजूनं पाहिलं तर एक गोष्ट मात्र फार सुंदर घडली आहे. फ्रीमन यांच्या जमिनीवरचं मूळचं उंच गवत नांगरानं केव्हाच संपलं होतं आणि माती वाहून चालली होती. १९३९ मध्ये ते गवत पुन्हा लावायला सुरुवात झाली. अमेरिकी राष्ट्रीय उद्यानांतला गवताळ माळ परत उभा करण्याचा हा सर्वांत जुना प्रयत्न. आज सुमारे शंभर एकरांवर तो माळ पसरला आहे. बिग ब्लूस्टेम हे त्यातलं मुख्य गवत चांगल्या पावसाच्या वर्षी माणसाच्या डोक्यावर जातं, आणि त्याची मुळं जमिनीत त्याहून खोल उतरतात. पूर्वी शाळेत येणारी मुलं नांगरलेल्या शेतांच्या बांधावरून यायची. आता उन्हाळा संपताना तिथून चालत गेलं तर दोन्ही बाजूंना तांबूस झालेलं उंच गवत वाऱ्यावर हलत असतं.